मी लिहून टाकलेली टेकडी

सुमनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत, घरी, मेथी निवडत बसले होते. जिंतूरहून तिच्या शेजारणीने केला होता. "ताई, सिस्टर गेल्या," एवढं बोलून ती बाई रडायलाच लागली, त्यामुळे बाकीचं सगळं मला तिथे पोचल्यावर कळलं. सकाळी चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, जरा पडते म्हणून पलंगावर आडवी झाली आणि उठलीच नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची होती. मरणाचं सोनं झालं, असं जमलेले सगळे म्हणत होते. झालं असेलही. मला मात्र पहिल्यांदा राग आला, आणि तो तिचाच आला. नऊ वर्षं मी तिला एक गोष्ट विचारायचं टाळत आले होते, आणि ही बाई खुशाल उत्तर न देता निघून गेली होती. माझ्या हातून जे झालं ते तू मनातून काढून टाकलंस की नाही... इतकंच विचारायचं होतं. दीड महिना झाला तिला जाऊन. आता हे लिहायला बसले आहे, तर आधी ती कोण होती ते सांगायला हवं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. सरकारी नर्स. सगळी नोकरी तिने जिंतूरकडच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर लेकरांना लस टोचण्यात घालवली. परभणी जिल्ह्यात डोंगर आहेत असं सांगितलं की पुण्याकडची माणसं हसतात. त्यांचंही काही चुकत नाही. काळी माती, कापूस, सोयाबीन, नजर जाईल तिथवर सपाट, हाच आमचा लौकिक. मी स्वतः पिंगळीची. आमच्याकडे सगळ्यात उंच म्हणजे रेल्वेचा भराव. त्यामुळे मावशी सुट्टीत आली की तिच्या तोंडून दऱ्यांच्या, सागाच्या, सीताफळीच्या गोष्टी ऐकताना मला ती सरळ सरळ थापा मारते आहे असंच वाटायचं. तिच्या खांद्याला लशीचा निळा डबा असायचा, त्यात बर्फाच्या पिशव्या. तो बर्फ वितळायच्या आत वस्तीवर पोचायचं, हे तिचं काम. म्हणून सडक सोडून, घळीतून, धारेवरून, जिथून जवळ पडेल तिथून ती चालायची, आणि अंतरही बर्फात सांगायची. "फार लांब न्हाई गं, अर्ध्या बर्फावर हाय." निवृत्त झाल्यावर डबा गेला, पण चाल तीच राहिली. तिच्यामागून चढताना मला धाप लागायची आणि ती मागे वळून म्हणायची, "कॉलेजात शिकवतीस आन् एवढंबी चढवंना?"

पहिल्यांदा ती मला त्या टेकडीवर घेऊन गेली ते दिवाळीनंतरचे दिवस होते. चारठाण्याची जुनी मंदिरं बघून आम्ही पुढे निघालो होतो. कुठल्या फाट्यावर उतरलो ते लिहीत नाही. तासभर चढल्यावर पंधरावीस घरांची एक वस्ती लागली, तिच्या वर कातळाची एक कड आणि त्या कडेखाली, छपरासारख्या पुढे आलेल्या दगडाच्या सावलीत, एक लांबट शिळा. तीवर काहीतरी कोरलेलं होतं, पण काय ते कळेना. झिजलेले सात उंचवटे, बस. एवढ्यासाठी मला चढवलंस का, असं मी बोलूनही दाखवलं. मावशीने फडक्यातल्या भाकरी सोडल्या, ठेचा काढला, सावकाश जेवली, हात धुतले आणि म्हणाली, "बस गप." मी बसले. दोन वाजले, तीन वाजले. मला शेवटच्या गाडीची काळजी लागली होती. मग चारच्या सुमाराला ऊन तिरपं होऊन त्या कडेखाली शिरलं आणि शिळेच्या एका टोकाला एक बाई उमटली... मी खोटं सांगत नाही, अक्षरशः उमटली. कपाळ, नाकाची रेघ, गळ्यातली माळ, मांडीवर बसलेलं लेकरू आणि त्याच्या पाठीवर तिचा हात. ऊन पुढे सरकलं तशी दुसरी, मग तिसरी. सात जणी, ओळीने, सगळ्या मांडी घालून, सगळ्यांजवळ एकेक लेकरू. इतका वेळ मी ज्याच्यासमोर बसून जांभया देत होते ते हे होतं. माझ्या अंगावर काटा आला. रडूही आलं, कशाचं ते आजही सांगता येत नाही. मावशी शेजारून शांतपणे म्हणाली, "बघ, लसीकरणाला बसल्यावानी बसल्यात सगळ्या." अर्ध्या तासात ऊन उतरलं आणि सगळ्या परत दगडात गेल्या.

त्यानंतर मला तिच्याबरोबर डोंगर हिंडायचा नादच लागला. दर रविवारी जिंतूरची गाडी. पळस फुललेले माळ, पावसाळ्यानंतर ज्या घळीत पाणी पडत राहतं ती घळ, एका पठाराचा काठ, जिथून येलदरी धरणाचं पाणी इतकं अचानक दिसतं की माणूस दोन पावलं मागे सरकतो. इतकं सगळं आपल्याच जिल्ह्यात, एका तिकिटाच्या अंतरावर होतं आणि आपण त्याला सपाट म्हणत बसलो. हे लोकांना सांगायला हवं असं मला फार वाटू लागलं. मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहू लागले, आणि हात चांगला बसल्यावर एक दिवस त्या सात जणींवरही लिहिलं. सप्तमातृका, त्यांची परंपरा, शिल्पाची लय, असलं बरंच काही. शेवटी फाट्याचं नाव, डावीकडची वाट, वस्ती, किती वेळ लागतो, सगळं व्यवस्थित. लेख लोकांना आवडला. मला दिवसभर फोन येत होते आणि मी हवेत होते.

लोक जाऊ लागले. मोटारसायकली, फोटो, मोबाइलवर व्हिडिओ. पुढचं नवरात्र आलं आणि मावशीचा फोन आला. "ये, तुझा लेख बघायला ये." आवाजात राग नव्हता, म्हणून मी हसत हसत गेले. कडेखाली सात जणी बसल्या होत्या. चकचकीत ऑइलपेंटमध्ये. हिरवी लुगडी, पिवळे दागिने, गुलाबी तोंडं, आणि वर ब्रशने काढलेले काळे मोठाले डोळे. लेकरं पण गुलाबी. वस्तीवरची धुरपदाबाई, जिची तिन्ही बाळंतपणं मावशीच्या हातची, कौतुकाने आम्हाला दाखवत होती. "पावणे यायलेत लांबून. मंग आया अशा उघड्या कशा बसू द्यायच्या? आन् आता आमी समदे ऊस तोडायला जानार, सा महिनं. आमच्या माघारी यांच्याकडं कोन बघनार? म्हनून जाता जाता नटवल्या." पोरांनी दोन दिवस खपून रंगवल्या होत्या, मनापासून. आम्ही चार वाजेपर्यंत थांबलो. ऊन आलं, तेलरंगावर चकाकलं आणि निघून गेलं. कुणीच उमटलं नाही.

परतीच्या वाटेवर मावशी पुढे चालत होती. फाट्याजवळ आल्यावर म्हणाली, "त्यांचं काय चुकलं न्हाई. तू वाट लिवलीस, बसायचं लिवलं न्हाईस." बस्स, एवढंच. एखादीने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर मी कितीदा म्हटलं, मावशी, जाऊ या ना टेकडीवर. ती म्हणायची, "जाऊ. एक पावसाळा जाऊ दे." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कधी गुडघे, कधी कुणाचं लग्न. आणि दसऱ्याच्या आधी ती स्वतः एकटी तिकडे जाऊन आल्याचं मला शेजारणीकडून कळायचं. वाईट वाटायचं, अपमानही वाटायचा. बाकी तिचं माझ्यावरचं प्रेम तसूभर कमी झालं नव्हतं. सीताफळं पाठवायची, माझ्या मुलीच्या परीक्षांची चौकशी करायची, थंडीत पायमोजे घाल म्हणून बजावायची. डोंगर मात्र तिने माझ्यापुरता बंद केला होता. मी लिहिणंही सोडलं. आपल्या हातून वस्तू निसटतात अशी एकदा खात्री पटली की माणूस हात खिशात घालून हिंडायला शिकतो. गेल्या दिवाळीला आमची शेवटची भेट झाली, तेव्हाही ती दारापर्यंत येऊन म्हणाली, "औंदाचा पावसाळा बरा झाला. अजून एक जाऊ दे." मी चप्पल घालता घालता हूं म्हटलं आणि वळूनही पाहिलं नाही. ते हूं मला आता फार लागतं.

तिच्या तेराव्यानंतर मी त्या टेकडीवर गेले. वस्तीला कुणी कळवलं नसणार, आणि हे फोनवर सांगायचं नव्हतं. वाट आठवत होती, धाप पहिल्यासारखीच लागली. बरीच घरं बंद होती, माणसं उसाला गेलेली. धुरपदाबाई होती, आता थकलेली, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. मग उठून मला वर घेऊन गेली.

मी वर पाहायला घाबरत होते. पाहिलं, आणि मला कळेना. दगड होता. काळा, झिजलेला, कोरा दगड. कुठे हिरवं नाही, पिवळं नाही.

"रंग कुठं गेला?" मी विचारलं.

"गेला की पावसानं, उनानं. शिस्टर दर सालाला नवरात्राआदी यायच्या, नवा रंग लावू द्यायच्या न्हाईत. आदी आमी भांडलो. मंग त्यांनी आमा बायांना हितं चार वाजंस्तवर बसवलं. ही कडंची आई पावसाच्या माऱ्यात, तिचा रंग तवाच गेला हुता. ती एकलीच दिसली. तिचं लेकरूबी दिसलं. बाकीच्या सा जनी नुसत्याच चमकत हुत्या. मंग आमच्या पोरांनी तारेचा बुरूस आनला, घासतो म्हनली. शिस्टर म्हनल्या, खबरदार. टोचल्याची खपली कुनी नखानं काढतंय का? आपसूक पडू द्या."

मी विचारलंच. "मावशीने मला का नाही आणलं हो? माझ्यावर राग होता का?"

धुरपदाबाई म्हणाली, "राग? मी दर सालाला म्हनायची, तुमच्या भाचीला आना की, कशी मन लावून बघत हुती ती. तर म्हनायच्या, आता नगं. तिनं परत असं रंगलेलं बघितलं तर जलमभर सोताला टोचत बसंल. समदा रंग जाऊ दे, मंग पयल्यावानी दाखवते तिला."

मी खाली बसले. धुरपदाबाईने मला हाताला धरून जरा पलीकडे सरकवलं, एका सपाट दगडावर. "हितं बसा. शिस्टर हितं बसायच्या. आमी कुनी बसत न्हाई."

चारला ऊन आलं. पहिली उमटली, दुसरी, तिसरी... नऊ वर्षांनी, तशाच, लेकरांसकट. फक्त सहावीच्या लेकराच्या गालावर एक गुलाबी डाग होता, नखाएवढा, कडेने सुटत आलेला. बोट लावलं असतं तर निघाला असता. मी दोन्ही हात मांडीवर धरून बसले.