हाऊजीच्या जागी जॉर्जियाचा सिनेमा

आखातातल्या फुजैरात त्या वेळी मराठी घरं जेमतेम बारा. तरी मंडळ होतं, आणि मंडळ म्हटलं की अध्यक्ष आले, भांडणं आली. महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मी सिनेमा दाखवायचे. अध्यक्षांना त्या जागी हाऊजी हवी होती. माझ्या सिनेमाला लोक मध्यंतराचा चहा-वडा होईपर्यंत थांबतात आणि मग एकेक करून पसार होतात, असं त्यांचं म्हणणं. ते खरं होतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक जॉर्जियन बाई राहायची, दवाखान्यात नर्स होती. पेशंट बहुतेक आपल्याकडचे नाहीतर पाकिस्तानी, त्यामुळे ती हिंदी शिकली होती तीही दवाखान्यातलीच: दर्द किधर है, साँस लो, कल खाली पेट आना. एवढ्या भांडवलावर आमची मैत्री झाली. एक दिवस ती व्हिडिओ कॅसेट घेऊन माझ्या दारात उभी राहिली. तिच्याकडे व्हीसीआर नव्हता. भावानं तिकडच्या टीव्हीवरून सिनेमा रेकॉर्ड करून बंदरात येणाऱ्या एका खलाशाच्या हाती पाठवला होता.

मी चहा केला आणि आम्ही दोघी बसलो. सिनेमा कृष्णधवल. एक गाव, युद्धाचे दिवस, पुरुष सगळे आघाडीवर. मागे उरलेत बायका, म्हातारे आणि एक बैल. वाइनसाठी द्राक्षं तुडवायचं काम पुरुषांचं, ते आता बायका करतात. रस जमिनीत पुरलेल्या रांजणांत भरतात. गेलेल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाचा एक रांजण, तो परत आल्याशिवाय उघडायचा नाही. बस्स, एवढीच गोष्ट. तोफ नाही, बंदूक नाही, युद्ध म्हणजे लांबून येणारी आगगाडीची शिटी. मधूनच दोन-दोन मिनिटं नुसता वारा पानांतून फिरतो, बैल मान वळवून बघतो. पहिली दहा मिनिटं मी मनात म्हटलं, काय हे दळण! अर्ध्या तासानं माझा चहा गार झाला होता आणि मला त्याचं भानही नव्हतं.

अगदी शेवटी टोपल्या घेऊन चाललेल्या बायकांची एक रांग येते. तिनं टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं.

"ये मेरा माँ."

शूटिंग तिच्याच गावात झालं होतं, ती आठ वर्षांची असताना, आणि रांगेत गावातल्याच बायका चालवल्या होत्या. पुढे त्या गावात खरोखरच लढाई आली. घर जळलं, घरातले फोटो जळले, आणि त्याच हिवाळ्यात आई गेली. आता आई उरली होती ती या कॅसेटमध्ये, सात-आठ पावलं.

मग तिनं जे सांगितलं ते तिच्या हिंदीत मावत नव्हतं, तरी मला कळलं. त्यांच्याकडे वारलेल्या माणसासाठी वाइनचा पेला एकट्यानं उचलत नाहीत. त्याला माणसं लागतात. सगळ्यांनी उभं राहून आठवण काढायची असते. तिची आई गेली तेव्हा जो तो जीव मुठीत धरून पळत होता, माणसं जमणार कुठून? ते राहिलं ते राहिलंच.

"इधर मैं अकेला," ती म्हणाली. "अकेला में नहीं होता."

माझा स्वभाव असा की आधी बोलून मोकळी होते आणि मग निस्तरत बसते. "माणसं मी देते," मी म्हटलं. "चाळीस."

अध्यक्ष ऐकून हसलेच. "वहिनी, गाणी नाहीत, सबटायटल्स नाहीत, भाषा कुणाला ठो कळत नाही. हाफ टाइमला हॉल रिकामा होईल. झाला की सिनेमा खलास आणि आमची हाऊजी चालू. डन?"

मी तिरीमिरीत म्हटलं, डन. घरी आल्यावर डोकं धरून बसले. सिनेमा अर्ध्यात बंद पडला तर आई पडद्यावर येणारच नव्हती.

तीन आठवडे आम्ही दोघी खपलो. ती एकेक वाक्य हिंदीत सांगायची, मी मराठीत वहीत उतरवायचे. "ये बुड्ढा बोलता है, लड़का का चिट्ठी नहीं आया, पेट में दर्द होता है." मी म्हटलं, पेट में नाही, दिल में म्हण. "नहीं," ती ठाम. "पेट में." नर्सपुढे कोण बोलणार? मग माझ्या लक्षात आलं की आपल्याकडेही पोटातच तुटतं. तसंच लिहिलं.

त्या शुक्रवारी हॉल भरला. वड्यांचा वास सुटला होता, पण मध्यंतर नाही आणि वडे सिनेमा संपल्यावरच, असं मी जाहीर करून टाकलं. ही लबाडी होती, मान्य. टीव्ही आणि व्हीसीआर अध्यक्षांच्या घरचा, नवाकोरा. पहिल्या खुर्चीत त्यांच्या आई. सातारा जिल्ह्यातल्या गावाहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या, धाकटे दोन मुलगे फौजेत.

मी उभी राहून ऐटीत सांगितलं, "सिनेमा कृष्णधवल आहे, आणि त्यातच त्याचं काव्य आहे." बटण दाबलं. समोर हिरवागार डोंगर आणि जांभळी द्राक्षं.

हॉल खो-खो हसला. माझा घरचा जुना सेट तिकडच्या कॅसेटचे रंग ओळखतच नव्हता, आणि अध्यक्षांचा सेट सगळ्या देशांच्या कॅसेट लावायचा. काव्य वगैरे माझ्या टीव्हीचं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तिनंही तो सिनेमा शेजाऱ्यांच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवरच पाहिलेला. तोंडावर हात दाबून ती आपल्या गावचा डोंगर बघत होती.

मी वही वाचायला लागले. खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं. एका पोरानं विचारलं, "आई, व्हेन विल द फायटिंग स्टार्ट?" बैलानं मान वळवली. मागची एक जोडी उठून गेली. बरोबर अर्ध्यात अध्यक्ष हाऊजीची पिशवी घेऊन उभे राहिले. "यल्ला, चला, आता बोअर होतंय सगळ्यांना."

"खाली बस," त्यांची आई म्हणाली. "म्होरं दिसंना झालंय. त्या पोरीला पत्र आलंय, काय लिवलंय ते ऐकू दे."

"आई, अगं पण..."

"आमच्या गावात पोस्टमन दिसला की बाया दाराआड व्हायच्या. तार असंल म्हणून. तुला काय ठावं? बस."

अध्यक्ष बसले. त्यानंतर खुर्ची वाजली नाही. मला आवाज चढवावा लागत होता तो आता खाली आणता आला. वारा पानांतून फिरला तेव्हा मी दोन मिनिटं काहीच वाचलं नाही, आणि चाळीस माणसांनी माझ्याबरोबर नुसता वारा पाहिला. असा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

रांग आली. इथे संवाद नाहीत. "ही हिची आई," एवढं सांगून मी वही मिटली. ती उठून टीव्हीजवळ गेली. आईच्या डोक्यावरचा रुमाल हळदीसारखा पिवळा होता.

"मैं भूल गया था," ती म्हणाली. "पीला."

पावलं संपली. कुणी काही सांगायच्या आत अध्यक्षांनीच पुढे होऊन कॅसेट मागे घेतली. "परत लावतो," ते म्हणाले. तीनदा लावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

तिची ती रीत मी सगळ्यांना सांगितली. दारू नव्हती, चहा होता. पदर डोक्यावर घेऊन साताऱ्याच्या आजी सगळ्यांत आधी उठल्या, मग सगळा हॉल कागदी कप हातात घेऊन उभा राहिला.

"नाव काय गं तुज्या आईचं?" आजींनी विचारलं.

मी तिला तेच हिंदीत विचारलं. तिनं नाव घेतलं. आजींनी ते आपल्या पद्धतीनं म्हटलं, पाठोपाठ हॉलनं मोठ्यानं म्हटलं, पोरांनी तर दोनदा. ती रडत होती आणि हसतही होती. जिना चढताना तिनं मला सांगितलं, गाव सुटल्यापासून आईचं नाव तिनं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं.