प्रमोददादाचा शब्द

प्रमोददादा गेल्याचा फोन वहिनींनी केला, तेव्हा मी कोरीटला शेतात होतो. "तुन्हा दादा गया रे, भाऊ," एवढंच त्या म्हणाल्या. रडू येण्याआधी मनात आलं... आता ते सांगायचं कायमचं राहिलं.

दादा माझा आतेभाऊ. केळी पिकवणारा माणूस. पण मुंबईच्या एका शौकिनाकडून त्याने जपानहून आलेली स्पोर्ट्स कार घेतली, तिला मोठा टर्बो बसवला, जमिनीला टेकेल इतकी ती खाली उतरवली. गावातले विचारायचे, "प्रमोद, हाई गाडी शे का घोरपड?" तो म्हणायचा, "बस त खरा, मंग समजी." एकदा तो लग्नाला गेला असताना मी ती न विचारता काढली आणि रनाळ्याच्या वाटेवर दगडावर घातली. खालचा पत्रा चिरला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एकाकडून गुपचूप वेल्डिंग करून, वर रंग मारून घेतला आणि गाडी जागेवर लावली.

पुढे हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं. नाशिकचे एक गृहस्थ ती घ्यायला आले. घरातल्या सगळ्यांसमोर दादा त्यांना म्हणाला, "गाडी कुठेच लागलेली नाही. माझा शब्द." मी शेजारीच उभा होतो. केळीचा खराब घड चांगल्याच्या खाली कधी न लपवलेल्या माणसाला मी खोटा पाडत होतो... आणि तो असेपर्यंत माझं तोंड उघडलं नाही.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं आणि मी शेतातूनच नाशिकला फोन लावला. म्हटलं, "चूक माझी होती. दादाला खोटा समजू नका." पलीकडे ते हसले. "अहो, त्यांनीच मला गाडीखाली वाकायला लावून तो जोड दाखवला. जपानी गाडीला ट्रॉलीचा लाल प्रायमर! म्हणाले, भावासमोर तसं बोललो, मनावर घेऊ नका. त्याला वाटतं, मला ठाऊक नाही."

फोन ठेवला आणि बांधावरच बसून राहिलो. कितीतरी दिवसांनी श्वास मोकळा झाला. तसाच वहिनींकडे गेलो, सगळं सांगून टाकलं. त्या चहा गाळत होत्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना हसू आलं.

"आमले सगळासले माहीत व्हतं, भाऊ. तुन्हा दादा तं तू कधय सांगस म्हनीसन हसाले तयार बठेल व्हता."