पाणथळीतले साहेब

काल दिवसभर पाऊस कोसळला आणि आज सकाळी समोरच्या इमारतीतले साहेब लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून बादलीने घरातलं पाणी बाहेर फेकताना दिसले. फेकलेलं पाणी उंबऱ्यावरून परत आत येत होतं.

तिथे पूर्वी पाणथळ होती. पावसाळ्यात साऱ्या वस्तीचं पाणी ती मुकाट पोटात घ्यायची आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरीला द्यायची. शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशात तिच्यावरचा हिरवा रंग पुसून घरांचा पिवळा रंग आला, तेव्हा मी हरकतीचा अर्ज घेऊन नगररचना कचेरीत याच साहेबांसमोर उभी राहिले होते.

"बाई, एका डबक्यासाठी एवढं काय रडता?" ते म्हणाले आणि सगळी कचेरी हसली. भराव पडला, बगळे गेले, विहीर आटली. निवृत्तीनंतर साहेबांनी तिथेच तळमजल्यावर घर घेतलं. माझा अर्ज त्यांना आठवतही नसावा.

थोड्या वेळाने ते फाटकाशी आले. "वहिनी, तुमचा विहिरीवरचा पंप जरा मिळेल का?"

"बिघडलाय," मी म्हणाले.

पंप धडधाकट आहे. तो देऊनही काही झालं नसतं. उपसलेलं पाणी सोडायला आता मोकळी जमीन आहे कुठे? पण खरं सांगते, मी ते हसणं विसरले नव्हते.

साहेबांची बायको भिजलेल्या गाद्या जिन्यात नेऊन ठेवत होती. तरी मी चहा टाकला, खिडकीशी खुर्ची ओढली आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत बघत राहिले.