डॉल्फिनचं आमिष

माझी मुलगी अड्यारच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिचे मित्रमैत्रिणी मच्छीमारांच्या वस्त्यांमध्ये, इथल्या तमिळ भाषेत कुप्पममध्ये, जाऊन डॉल्फिनची शिकार थांबवा म्हणून प्रचार करायचे. काही बोटींवर डॉल्फिन मारून त्याचे तुकडे शार्कच्या गळाला आमिष म्हणून लावतात, हे मला तिच्यामुळेच कळलं. एकदा एका कुप्पमच्या किनाऱ्यावरच्या बोटीत तिला तसे तुकडे दिसले. तिने फोटो काढून मोहिमेच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. डॉल्फिन मारणं हा गुन्हा, आणि बोटीचा नंबर त्यात स्पष्ट दिसत होता.

त्याच आठवड्यात फोन आला. तिला नाही, मला. माझा नंबर त्या माणसाला कुठून मिळाला कोण जाणे. तमिळमध्ये, अगदी शांतपणे तो म्हणाला, “सर, तुमची मुलगी कुठल्या बसने घरी येते ते आम्हाला माहीत आहे. फोटो हटवायला सांगा.”

मी संरक्षण खात्याच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालो होतो. साहेबाने बोलावलं तरी धास्तावणारा माणूस. बायकोला काही बोललो नाही. संध्याकाळी, आम्ही राहतो त्या अंबत्तूरच्या बस स्टॉपवर जाऊन उभा राहू लागलो. मुलीच्या मागोमाग कोणी उतरला की त्याचा चेहरा न्याहाळायचो.

शेवटी तिला सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

“बाबा, पोलिसांकडे जाऊ.”

“आणि मग? रोज पोलीस येणार आहे का तुझ्याबरोबर? हटव तो फोटो. आपण परक्या मुलखात राहतो.”

“तुमचा परका असेल,” ती म्हणाली. “मी इथेच जन्मले.”

पोलिसांत जायचं मी टाळत राहिलो. रविवारी त्याच कुप्पममध्ये मोहिमेचा कार्यक्रम होता. ती ऐकेना, म्हणून मीही गेलो.

तिचे मित्रमैत्रिणी वाळूत फलक घेऊन उभे राहिले. बायका मासे निवडत होत्या. मग जाळी विणणारे पुरुष उठून आले आणि बघता बघता आमच्याभोवती कडं झालं. एक दांडगा माणूस मुलीसमोर येऊन काहीतरी म्हणाला. तो आवाज मी लगेच ओळखला. फोनवरचाच आवाज.

मी मध्ये शिरलो. इतकी वर्षं इथे काढली, पण तमिळचा एक शब्द आठवेना. “अहो, लेक आहे माझी,” असं मराठीतच म्हणत राहिलो.

“अण्णा,” मुलगी मागून त्याला तमिळमध्ये म्हणाली. “तुम्ही माझ्या वडिलांना फोन केलात. त्यांची झोप उडाली आहे. बोटीचा नंबर मी झाकते, पण फोटो राहील. डॉल्फिन मारणं थांबवा, एवढंच मागतो आम्ही.”

मासे निवडणारी एक म्हातारी उठली. त्याची आई असावी. “तू फोन केलास?” तिने विचारलं. तिने त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. आम्ही निघालो तेव्हाही तो वळून माझ्याकडेच बघत होता.

पुढे त्या कुप्पमच्या लोकांनी बैठक घेतली आणि डॉल्फिनचं मांस बोटीवर आणायचं नाही, असं ठरवलं. मुलगी आनंदाने सांगत आली.

“तो माणूस कबूल झाला?” मी विचारलं.

“तो बैठकीला आलाच नव्हता, बाबा.”