तळ्याआधी आलेले बेडूक

आम्ही घर घेतलं तेव्हा तळं फक्त माहितीपत्रकात होतं, पण तिथे ते फारच छान होतं. निळंशार पाणी, काठाला लव्हाळी, एक बगळा, आणि लाकडी धक्क्यावर पाय सोडून बसलेली सोनेरी केसांची मुलगी. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या बाहेर, जिथे पूर्वी बीट पिकायचं तिथे, नवी वसाहत उभी राहत होती आणि तिच्या मधोमध दोन कृत्रिम तळी होणार होती. बिल्डरच्या ऑफिसातला तरुण नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "तुमच्या हॉलच्या खिडकीतून दुसरं तळं थेट दिसेल." माझा नवरा गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनियर आहे, कशावरही चटकन विश्वास न ठेवण्याचा त्याला पगार मिळतो. त्या दिवशी त्याने एकच प्रश्न विचारला, "डास होतील का?" तो तरुण म्हणाला, "नाही." आम्ही सह्या केल्या.

राहायला गेलो तेव्हा खिडकीतून एक खड्डा थेट दिसत होता. भोवती कुंपण, कुंपणावर पाटी, पाटीवर 'आत येण्यास मनाई'. पहिल्या तळ्याच्या जागीही तसाच खड्डा होता. माती घरांच्या पायाभरणीसाठी उचलली गेली होती. त्यामुळे खड्डे आपोआप झाले होते. तळ्यांची परवानगी मात्र यायची होती.

"किती दिवस लागतील?" मी बिल्डरच्या ऑफिसात फोन करून विचारलं.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', आणि पलीकडून दीर्घ श्वास ऐकू आला. "ती पर्यावरणाची तपासणी चालू आहे."

हा श्वास मी जर्मनीत इतक्या वेळा ऐकला आहे, की आता तो कुठल्या खात्याचा आहे हेही मला ओळखू येतं.

काही महिन्यांनी टपालपेटीत सूचना आली. तळ्यांच्या परवानगीची सगळी कागदपत्रं गावाच्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, लोकांना वाचायला ठेवली होती. कुणालाही जाऊन वाचता येणार होती आणि हरकत नोंदवता येणार होती. मी पुण्याची. सरकारी ऑफिसात आपल्याला कुणी कागद वाचायला बोलावतंय, यात काहीतरी डाव असणार असं वाटून मी एका शुक्रवारी सुट्टी काढून गेले.

तिथल्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि भिंतीकडे हात केला. भिंतभर फायली होत्या. वटवाघळं रात्री कुठून कुठे उडतात, याचा अहवाल. तळ्याच्या तळाशी जे प्लास्टिक अंथरायचं, त्यातून पाणी झिरपलं तर काय, याचा अहवाल. घरांच्या छपरांवरचं पावसाचं पाणी तळ्यात सोडायचं तर आधी ते किती घाण असतं, याचा अहवाल. डासांवर तर स्वतंत्र फाइल होती. तिचा निष्कर्ष मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितला नाही. आणखी कोणकोणते अहवाल लागतील, यावरही एक अहवाल होता, आणि तो सगळ्यांत जाड होता.

"मला हे तळं व्हायला हवंय," मी त्या बाईंना म्हटलं. "तसं कुठे लिहू?"

त्या जरा गोंधळल्या. हरकत नोंदवायची सोय होती. हरकत नाही, असं नोंदवायची सोय नव्हती.

"पण सुनावणीला यायचं असेल तर काहीतरी हरकत हवी," त्या मनापासून म्हणाल्या. म्हणून मी लिहून दिलं, की तळं लवकर होत नाही ही माझी हरकत आहे. त्यांनी ती गंभीरपणे वाचली, शिक्का मारला आणि मला पोच दिली.

सुनावणी जूनमध्ये ठरली. नेमके तेव्हाच सासरे आमच्याकडे राहायला आले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीतली सगळी वर्षं धरणांवर काढलेली, आणि घरातल्या गळक्या नळाकडेही ते जलाशयाकडे बघावं तसे बघतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ते खिडकीशी उभे राहिले.

"हे काय खणलंय?"

"तळं आहे, बाबा. व्हायचंय अजून."

त्यांनी नीट पाहिलं. "अगं, हे शेततळं आहे. आमच्याकडे शेतकरी आठवड्यात खणतो, प्लास्टिक अंथरतो आणि पावसाची वाट बघतो."

"इथेही प्लास्टिकच अंथरणार आहेत. फक्त त्याचा अहवाल आहे."

"किती पानी?"

मी बोटांनी जाडी दाखवली. बाबांना इतकं हसू आलं की कप खाली ठेवावा लागला. "आम्ही अख्खी गावं हलवली गं, पण एवढे कागद नाही झाले." हे ते अभिमानाने म्हणाले. पुढचे दोन आठवडे पुण्याहून ज्याचा फोन येईल त्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि दर वेळी खड्डा थोडा लहान आणि फायली थोड्या जाड होत गेल्या.

सुनावणीला यायचा त्यांनी हट्टच धरला. गावाच्या सभागृहात लांब टेबलं लावली होती. एका बाजूला बिल्डरचा वकील आणि पाण्याचे तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला आम्ही हरकतवाले, मधे जिल्ह्याच्या जलखात्याच्या अधिकारी बाई. करड्या केसांच्या, शांत, आणि प्रत्येकाच्या बोलण्यावर "गेनाऊ" म्हणणाऱ्या. 'अगदी बरोबर' हे त्या इतक्या समान वाटणीने म्हणत होत्या, की एकमेकांच्या विरुद्ध बोलणारे दोघेही समाधानाने खाली बसायचे. पाहुणे म्हणून माझे सासरे बसले तर चालेल का, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. कुणाचीही हरकत नव्हती. त्या दिवशी हे तेवढं एकदाच घडलं.

आमचे शेजारी पहिले उठले. ते लॅटिनचे निवृत्त शिक्षक. एकटे राहतात, आणि बागेतलं गवत कापण्याआधी सगळ्या शेजाऱ्यांना कळवतात. त्यांची हरकत आवाजाबद्दल होती. "तळं झालं की बेडूक येणार," ते म्हणाले. "मी शांततेसाठी शहर सोडलं."

बिल्डरचा वकील म्हणाला, "बेडूक हा प्रकल्पाचा भाग नाही."

तेव्हा निसर्ग संघटनेच्या एक तरुण बाई उभ्या राहिल्या. चिखलाचे बूट घालूनच आल्या होत्या. "माफ करा," त्या म्हणाल्या, "पण ते आलेले आहेत."

मग खरी गोष्ट बाहेर आली. परवानगीची वाट बघत खड्डे पडून होते, पावसाचं पाणी साचत होतं, आणि दुसऱ्या खड्ड्यात, म्हणजे आमच्या खिडकीसमोरच्या, बेडकांची एक दुर्मीळ जात वस्तीला आली होती. खडबडीत पाठ, अंगावर हिरवे ठिपके. कायद्याने संरक्षित. त्यांना असंच उघडं, उथळ, गवत नसलेलं डबकं लागतं. खोल तळं त्यांना चालत नाही, कारण तळ्यात मासे येतात आणि मासे पिल्लं खातात. थोडक्यात, तळं झालं तर पर्यावरणाची हानी होणार होती.

पुरावा म्हणून त्यांनी फोनवर आवाज ऐकवला. डराव डराव नव्हतंच ते. दूर कुणीतरी एकच शीळ लांबवत धरावी तसा गोड, कापरा सूर. सभागृह ऐकत राहिलं.

"मी हेच म्हणत होतो," लॅटिनचे शिक्षक म्हणाले.

बाबांनी माझ्या कानाशी विचारलं, "काय चाललंय?" मी सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बेडकांचं राहू दे. ढगफुटी झाली तर पाणी कुठे सोडणार? यांना सांडवा दाखवायला सांग." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी हात वर केला होता.

पाहुण्याला बोलायचा अधिकार नव्हता. पण अधिकारी बाई म्हणाल्या की प्रश्न चांगला असेल तर त्या स्वतःच तो विचारतील. मी भाषांतर केलं. मला वाटलं, आता सगळे अवाक होणार आणि बाबा पुण्याला जाऊन वर्षभर ते सांगणार. पण पाण्याच्या तज्ज्ञाने फक्त एक नकाशा काढला आणि बाबांसमोर पसरला. जादा पाणी कुठून बाहेर पडेल, कुठल्या ओढ्याला मिळेल, ओढाही भरला तर कुठल्या कुरणात पसरेल, सगळं त्यावर होतं. बाबांनी चष्मा बदलला. आणखी एक प्रश्न विचारला. त्याचंही उत्तर होतं. तिसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

"विचार केलाय यांनी," ते मला मराठीत म्हणाले, जरा फसवलं गेल्यासारखे.

दुपारनंतर एक म्हातारी शेतकरीण बोलायला उठली. वसाहतीला लागून तिचं शेत होतं आणि विहीर आटेल अशी तिला भीती होती. ती फार हळू, गावाकडच्या बोलीत बोलत होती; अर्धं मलाही कळलं नाही. टिपणं घेणाऱ्याने तिला दोनदा थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं.

"तिचं बोलणंही लिहून घेतायत?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांचंच घेतायत."

"आणि उत्तर द्यावं लागतं?"

"लेखी."

आम्ही घरी चालत निघालो. आमची मुलगी समोरून सायकलवर आली आणि तिने जर्मनमध्ये विचारलं, कोण जिंकलं. मी म्हटलं, अजून कुणीच नाही. ती पुढे गेल्यावर बाबा म्हणाले, "आमच्याही प्रकल्पाची एक बैठक झाली होती. देवळात. मी बोललो, गावाने ऐकलं." थोडं चालून झाल्यावर ते म्हणाले, "त्या बैठकीचा चहा चांगला होता." पुण्याच्या फोनांवर फायलींची गोष्ट त्यानंतर मी ऐकली नाही.

निकाल पुढच्या वसंतात आला. पहिल्या तळ्याला परवानगी, पण आकार कमी करून. दुसऱ्या तळ्याला परवानगी नाही. आमच्या समोरचा खड्डा हा खड्डाच राहील. एवढंच नाही, तर तो खड्ड्यासारखा राहील याची काळजी घेणं बिल्डरवर बंधनकारक आहे. गवत उगवलं तर काढायचं, गाळ साचला तर काही वर्षांनी यंत्र आणून पुन्हा ओबडधोबड करायचा. ज्या देशात बाल्कनीतल्या कुंड्या सरळ रेषेत नसल्या तर शेजारी चिठ्ठी टाकतो, तिथे माझ्या घरासमोर सरकारी आदेशाने चिखल राखला जातो.

नवऱ्याने बिल्डरला फोन केला. तो माहितीपत्रकवाला तरुण म्हणाला, की चित्राखाली बारीक अक्षरांत 'चित्र कल्पनेतले' असं लिहिलेलं आहे. शिवाय आता आमचं घर संरक्षित अधिवासाच्या शेजारी असल्यामुळे समोर कधीच इमारत होणार नाही, हा केवढा फायदा. नवरा फोन ठेवून म्हणाला, "हा माणूस ब्रेकही विकू शकेल." मुलीला मात्र आनंद झाला. "श्वेने हाट येडर," ती म्हणाली. हंस काय, सगळ्यांकडेच असतात. शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन ती आता कुंपणाशी उभी असते.

पहिल्या तळ्याचं उद्घाटन झालं. महापौर आले, बँड वाजला, आणि काठावर एक फलक उभा राहिला. पोहायला मनाई, मासे धरायला मनाई, बदकांना खायला घालायला मनाई, नाव सोडायला मनाई, गोठल्यावर चालायला मनाई. तळं बघायला चालतं. आम्ही रविवारी जाऊन बघून येतो. आमच्या खड्ड्यात एप्रिलच्या संध्याकाळी ती शीळ सुरू होते. तिला मनाई नाही. लॅटिनचे शिक्षक पहिल्या वर्षी कानात बोळे घालून बागेत बसायचे. हल्ली बोळे दिसत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "निदान सूर तरी चुकत नाही त्यांचा," आणि आत निघून गेले.

बाबांचं प्रकरण मात्र वेगळंच वळण घेऊन बसलं. पुण्यात त्यांच्या सोसायटीमागे एक ओढा आहे. त्यात कुणीतरी राडारोडा टाकून तो बुजवायला घेतला; वर इमारत होणार म्हणे. बाबा उठून क्षेत्रीय कार्यालयात गेले आणि परवानगीचे कागद वाचायला मागितले.

"आजोबा, तुमचं काम काय आहे?" तिथल्या कारकुनाने विचारलं.

"वाचायचंय."

"वाचून काय करणार?"

"हरकत घेणार."

त्याने बाबांना बसवून ठेवलं. कागद मिळाले नाहीत. पुढच्या मंगळवारी बाबा पुन्हा गेले. दर मंगळवारी जाऊ लागले. सासूबाई मला फोनवर म्हणाल्या, "तुझ्याकडे पाठवला तेव्हा चांगला होता गं माणूस."

कुणी सुनावणी घेईना, तेव्हा बाबांनी स्वतःच ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेतली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, मधली खुर्ची स्वतःकडे घेतली. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या बायकाही आल्या. दर पावसाळ्यात त्यांच्याच घरात पाणी शिरतं. प्रत्येकीचं बोलणं बाबांनी स्वतः लिहून घेतलं. एकीला दोनदा थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, असं सासूबाईंनी सांगितलं. बिल्डरचा माणूसही आला होता. त्याने बटाटेवडे खाल्ले आणि एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

ओढा अजून अर्धा उघडा आहे. बाबांमुळे नाही, ठेकेदाराचं आणि बिल्डरचं आपसात बिनसलं म्हणून. हे बाबांनाही माहीत आहे. तरी परवा फोनवर त्यांनी मला विचारलं, तिथे त्या अधिकारी बाई लोकांना लेखी उत्तर पाठवायच्या, ते कशा भाषेत असायचं, एखादा नमुना मिळेल का. त्या बायकांना उत्तर द्यायचं राहिलंय म्हणाले.

"पण बाबा, उत्तर तुम्ही कसं देणार? तुमच्याकडे आहे का उत्तर?"

"नाही," ते म्हणाले. "तसंच लिहायचंय. पण लेखी."