अर्धा सुतकातला केक

आमच्या घरात आजवर एकच केक झाला, आणि तो खायची मुभा जगात कुणालाही नव्हती.

सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. तेव्हा नोकरी नवी होती. पॅकिंगमधल्या चौघी दुपारी डबे उघडून गोल करून बसायच्या आणि मी माझ्या टेबलावर, कॉम्प्युटरसमोर, एकटीच शेपूची भाजी चिवडत बसायची. वाईट कुणीच नव्हतं. पण "या की" असंही कुणी म्हणत नव्हतं. (स्टोअरवाली म्हणजे हातमोजे मागितले की आधी सही मागणारी बाई. तिला ठेचा कोण देणार?) पलीकडून हसणं ऐकू आलं की मी उगाच कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करायची. घरी सांगायची सोय नव्हती. पस्तिशी ओलांडलेल्या बाईने "मला कुणी खेळायला घेत नाही" म्हणून रडायचं म्हणजे फारच झालं!

शेवटी ठरवलं, केक करायचा आणि वाटायचा. नणंदेने मेढ्याहून एसटीने स्ट्रॉबेरी पाठवली होती. घरात टुटीफ्रुटी होती, काजू होते. ओव्हन नव्हता, पण कुकरच्या तळाशी मीठ पसरायचं, शिट्टी आणि रिंग काढायची, की झाला ओव्हन! लांबट भांडं म्हणून नवऱ्याचा शाळेतला अॅल्युमिनियमचा डबा घेतला. स्ट्रॉबेरीचा प्रवासात निम्मा रस झाला होता, तोही ओतला. पीठ पातळ झालं म्हणून मैदा घातला, घट्ट झालं म्हणून दूध घातलं, आणि शेवटी डबा काठोकाठ भरल्यावर हात आवरला.

कुकर गॅसवर ठेवून मी वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात गेले. तेवढ्यात आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरात आल्या.

"आगं, कुकर कोरडाच ठिवलाय की! पानी कोन घालायचं?"

"आत्ती, नको! घालू नका!"

"घातलं बी. चांगलं तांब्याभर."

आतून असा चर्रर्र आवाज आला की शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या. सगळं उपसलं, पुसलं, पुन्हा मीठ पसरलं. थोडं खारं पाणी केकातही गेलं असणार, पण त्यावर विचार करायचा नाही असं मी ठरवलं.

दुसऱ्यांदा कुकर चढवला आणि नवऱ्याचा फोन वाजला. तो ऐकून हे हळूच म्हणाले, "अण्णा गेले."

अण्णा म्हणजे ह्यांचे चुलत आजोबा. मेढ्याजवळच्या आमच्या गावी असायचे. नव्वदी कधीच उलटली होती. दिवाळीपासून ते जायला निघाले होते. दोनदा सगळी भावकी जमली आणि दोन्ही वेळा त्यांनी उठून चहा मागितला! त्यामुळे माझ्या तोंडून निघून गेलं, "नक्की ना?"

ह्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेले नाही.

"तुझी उद्या स्टॉकची मोजणी आहे, रजा मिळायची नाही. तू तिसऱ्याला ये," असं सांगून हे आत्तींना घेऊन गावी गेले. घर एकदम रिकामं झालं. आमच्या लग्नात "सूनबाई, जेवलीस का?" असं मला विचारणारे अण्णा एकटेच होते. त्यांच्या आठवणीने मी खूप रडले. मग केक करपायला लागला म्हणून उठले.

नणंदेचा मेसेज आला, "सगळ्या सुनांनी स्टेटस ठेवा." ठेवलं. अण्णांचा फेट्यातला फोटो, दोन्ही बाजूंना समया, खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

सकाळी केक घरीच ठेवायला हवा होता, हे मला कळत होतं. पण कुपवाडात बसून मेढ्याचं कुणाला काय कळणार! दुपारी डबा घेऊन धीर करून चौघींपुढे उभी राहिले.

"केक केलाय. घ्या ना."

त्यांच्यातल्या थोरल्या सुमनताई सरकल्या. "या की मॅडम! बसा हितं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा! मी बसले. तुकडे वाटले. शोभाच्या एका हातात केक, दुसऱ्या हातात मोबाईल.

"मॅडम, तुमच्या स्टेटसला हे फेट्यावालं कोन हो?"

चारही हात हवेतच थांबले.

"तुमी सुतकात हाय व्हय?" सुमनताई म्हणाल्या. "आवं, माझ्या पोरीची हळद हाय ह्या आठवड्यात!"

"थांबा की," शोभा म्हणाली. "मॅडम, केक आदी भाजला का मागनं?"

"मधेच," मी म्हणाले. "आत ठेवला तेव्हा अण्णा होते. बाहेर काढला तेव्हा नव्हते."

"मंजे अर्धाच सुतकातला. वरचं वरचं खाऊ या."

"येडी का काय! केक खालनं भाजत येतोय. वरचंच सुतकातलं!" सुमनताई म्हणाल्या.

बरीच चर्चा झाली आणि सगळे तुकडे डब्यात परत आले.

"मग तुमीच खावा, मॅडम."

"सुतकात गोड चालत नाही," मी म्हणाले.

गेटवरच्या कुत्र्याला घातला. त्याने वास घेतला आणि तो निघून गेला. त्याला कसलं सुतक होतं देव जाणे! माझे डोळे भरून आले. आता ह्या बायका जन्मात बोलवायच्या नाहीत, अशी खात्रीच झाली.

टेबलावर येऊन बसले, तर चौघी आपापले डबे घेऊन दारात.

"जेवन आनलंय का?"

"नाही. केकाच्या नादात राहिलं."

"सुतकाच्या घरात चूल पेटवायची नसती. बाकीच्यांनी घालायचं असतं. खावा." सुमनताई हातभर अंतर राखून बसल्या आणि त्यांनी वरूनच माझ्या पुढ्यात ठेचा-भाकरी टाकली. "फकस्त मला शिवू नका. बाकी मनमोकळं रडा."

मी रडले. अण्णांसाठी की ठेच्यासाठी, ते मला सांगता यायचं नाही.

तिसऱ्याला गावी जाऊन आले. बाकी रोज चौघी माझ्या टेबलाशी यायच्या. गवार आली, झुणका आला, लग्नघरात हळकुंडं फोडल्याच्या गप्पा आल्या. एवढ्या दुःखात मी इतकं पोटभर कधी जेवले नव्हते!

मग तेराव्याचं गोड जेवण झालं आणि आम्ही गावाहून सांगलीला निघालो. सुतक फिटलं होतं. उद्यापासून चौघी पुन्हा पलीकडे बसणार, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

"अहो," मी ह्यांना विचारलं, "भावकीत आता सगळ्यात म्हातारं कोण उरलंय?"

"बापूकाका. का गं?"

"तब्येत कशी असते त्यांची?"

"ठणठणीत! रोज शेतावर जाऊन येतात."

"वा, छान," मी म्हणाले, आणि पडलेला चेहरा ह्यांना दिसू नये म्हणून साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.