नैवेद्याच्या ताटातल्या गोळ्या

"मुलाला कंपनीत पर्मनंट कर, नारळांचं तोरण वाहीन," असा नवस मी गणरायाला बोलले होते. गणराया पावला! तोरणाचा बेत आमच्या थेरगावच्या भजनी मंडळातल्या शैलाताईंना सांगितला, तर म्हणाल्या, "देवाला एक नारळ पुरे गं. गल्लीतल्या तात्यांना हृदयाच्या गोळ्या परवडेनात, एक दिवसाआड घेतात. उरलेलं तोरण तिकडे वाहा." तेव्हापासून आमच्या मंडळात अभंग कमी आणि किस्से जास्त झालेत!

*

तात्या म्हणजे रिटायर्ड टर्नर. घरी एकटे, भारी मानी. आम्ही गोळ्या घेऊन गेलो, तर दारातूनच, "फुकटचं आमी घेत न्हाई!"

शैलाताई हसून माघारी फिरल्या. गुरुवारी त्याच गोळ्या नैवेद्याच्या ताटात, शिऱ्याशेजारी! आरती झाली आणि ताट थेट तात्यांच्या दारात.

"प्रसाद आहे. आता नाही म्हणा बघू!"

तात्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि गोळ्या कपाळाला लावल्या.

*

आम्ही खूश! दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारत आली, "तात्यांनी प्रसाद दिलाय. चावायचा की गिळायचा?"

पाकीट फोडून तात्यांनी गल्लीभर एकेक गोळी वाटली होती! पदर खोचून आम्ही घरोघर धावलो. कुणी गिळली नव्हती, देवाचीच कृपा!

वर तात्या आम्हालाच म्हणतात, "अवो, परसाद एकट्यानं खायचा असतो व्हय?"

आता शिरा गल्लीचा, गोळ्या फक्त तात्यांच्या.

*

पुढे तात्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं, सरकारी योजनेच्या दुकानात हेच औषध स्वस्त मिळतं. मला आपली धाकधूक, स्वस्तातलं लागू पडेल ना?

"औषध तेच, फक्त वेष्टन वेगळं," डॉक्टर म्हणाले.

शैलाताईंनी लगेच मान डोलावली, "म्हणजे देव एकच, देवळं निराळी!"

जे पैसे वाचले, त्यात दापोडीच्या एका आजींच्या गोळ्यांचीही सोय झाली.

*

परवा तात्यांना तपासायला नेलं. डॉक्टर एकदम खूश.

"तात्या, ठोके छान पडतायत. गोळ्या चुकवत नाही ना?"

"देवानं सोताच्या हातानं आणून दिल्यात, चुकवून कसं चालंल?"

"अरे वा! कोणता देव पावला?"

तात्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. तिथं शैलाताई बाकाखाली वाकून आपली दुसरी चप्पल शोधत होत्या!

बाई गं, तूही पुढचा नवस बोलशील ना, तेव्हा आधी शेजारचं दार वाजवून बघ.